सोयर फिटेपर्यंत

माझ्या हातातली बाहुली घ्यायला पुढची मुलगी हात पुढं करीना.

बाहुली कापडाची होती. आमच्या ट्यूटरबाईंनी जुन्या चादरीची शिवलेली. कमी दिवसांच्या बाळाचं वजन हाताला कळावं म्हणून तिच्या पोटात शाळू भरला होता. आम्ही नर्सिंगच्या शिकाऊ मुली गोल करून उभ्या होतो आणि बाई सांगत होत्या, "डोकं तळहातावर. बाकीचं अंग बोटांवर. हिसका द्यायचा नाही. एकीनं दुसरीकडं द्यायची, पण द्यायच्या आधी तिनं नीट धरलंय का बघायचं."

बाहुली माझ्याकडं आली. मी घेतली, मान सांभाळली, पुढं केली. पुढची मुलगी दोन वेण्या घालणारी, सांगलीतच राहणारी, एरवी माझ्याशी बरं बोलणारी. तिनं दोन्ही हात पाठीमागं नेले.

"टेबलावर ठेव," म्हणाली.

मी ठेवली. तिनं स्पिरिटचा बोळा घेतला आणि बाहुली पुसली. डोकं पुसलं, पोट पुसलं, पाय पुसले. मग उचलली. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. बाईंनी सगळं बघितलं होतं. मला वाटलं, आता बोलतील. बाई म्हणाल्या, "स्वच्छतेची सवय चांगली," आणि पुढचं शिकवायला लागल्या.

मला रडू आलं नाही. कानशिलं तापली. डोक्यात एकच येत राहिलं, की अगं बये, पोटात शाळू आहे तिच्या. तो आमच्यासारख्यांनीच खुडला, आमच्यासारख्यांनीच मळला. भाकरी करून खाताना कुठल्या स्पिरिटनं पुसतेस?  

ही साठ सालानंतरची गोष्ट. माझं गाव सातारा जिल्ह्यात, पाटणच्या पुढं डोंगरात. बाप कोयनेच्या धरणावर मजुरीला होता. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो, तेव्हा बापानं गावकीची सगळी कामं एका दमात सोडली. मेलेलं ढोर ओढायचं नाही, सांगावा घेऊन पळायचं नाही, दारात जाऊन भाकरी मागायची नाही. आईनं मात्र एक काम सोडलं नाही. आई दाई होती. गावातली बहुतेक पोरं तिच्या हातावर आलेली. बापानं लय कटकट केली. आई म्हणायची, "आडलेली बाई हाक मारती. तिला न्हाई कसं म्हनू?"

दाईपणाचा एक कायदा होता. तो कुठं लिहिलेला नव्हता, पण आमच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होता. पोर जन्मतं तेव्हा घर सोयरात असतं. तेव्हा सगळंच विटाळाचं. म्हणून मोठ्या घराच्या आतल्या खोलीतही आई चालायची. रक्तात हात घालायचा, नाळ कापायची, वार पुरायची. आईचा हात त्या पोराला सगळ्यात आधी लागायचा. मग घरच्या बायका पोराला न्हाऊ घालायच्या, बाराव्याला सोयर फिटायचं, आणि तिथून पुढं तेच पोर माझ्या आईच्या सावलीला आलं तरी घरातल्या बायका ओरडायच्या. ज्याला तिनं पायाला धरून उलटं करून पहिला श्वास घ्यायला लावला, ते चार वर्षांचं होऊन तिला "ए" म्हणायचं.

मला हे नको होतं. म्हणून मी नर्सिंगला आले. मला वाटलं होतं, दवाखान्यात कायदा वेगळा असेल. तिथं पांढरी साडी असते, औषधं असतात, शिकलेली माणसं असतात.

ट्यूटरबाई नगरकडच्या. ख्रिश्चन. उंच, काळ्यासावळ्या, बोलायला तुटक. आमच्या दवाखान्यात त्या यायच्या आधी कमी दिवसांची बाळं कापडात गुंडाळून कोपऱ्यात ठेवत आणि थोड्या वेळानं आईला जाऊन सांगत. डॉक्टरांनाही त्यात काही करण्यासारखं वाटत नसे. बाईंनी भांडून एक खोली मिळवली. सुताराकडून लाकडी पेट्या करून घेतल्या, आत विजेचे दिवे लावले, गरम पाण्याच्या रबरी पिशव्या आणल्या. आणि आम्हाला शिकवायला सुरुवात केली. आईचं दूध काढून ड्रॉपरनं थेंबथेंब कसं द्यायचं. श्वास थांबला तर तळव्याला टिचकी कशी मारायची. घशातला चिकटा कसा ओढून काढायचा. त्यांचे दोन नियम होते आणि त्यात त्या कुणाचं ऐकत नसत. पहिला, एका बाळाला एकच मुलगी, म्हणजे बाळाला हात कमी लागतात आणि मुलीला बाळाची खोड कळते. दुसरा, कमी दिवसांच्या बाळाला आंघोळ नाही. तेलाचा बोळा फिरवायचा, बस.

"गार पडलेलं बाळ रडत नाही," बाई सांगायच्या. "लाल होतं. गाल असे गुलाबी दिसतात की नातेवाईक खूश होतात, बाळ सुधारलं म्हणतात. तुम्ही फसायचं नाही. पोटावर हात ठेवून बघायचं."

आम्ही सगळ्यांनी हे पाठ केलं होतं.

थंडी सुरू झाली तेव्हा कृष्णाकाठच्या एका मोठ्या बागायतदाराच्या घरातली सून बाळंत झाली. दिवस भरले नव्हते. मुलगा झाला, ओंजळीएवढा. त्या घरातला माणूस दवाखान्याच्या मंडळावर होता. आमच्या खोलीतले दिवे आणि पेट्या त्यांच्याच देणगीतून आलेल्या. आणि बाळ घ्यायची पाळी माझी होती.

दवाखान्याच्या मेट्रनबाईंनी ट्यूटरबाईंना व्हरांड्यात गाठलं. मी आत नळ्या उकळत होते, मला ऐकू येत होतं.

"दुसरी कुणी द्या. ती माणसं जुन्या वळणाची आहेत."

"पाळी तिची आहे," बाई म्हणाल्या. "आणि हात तिचा सगळ्यात हलका आहे."

मेट्रनबाई म्हणाल्या, "मग तुमच्या जबाबदारीवर."

बाळाची आजी बाजूच्या खोलीत बसून असायची. नऊवारी इरकली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आवाज भारी. पहिल्याच दिवशी तिनं मला विचारलं, "पोरी, कंच्या गावची तू? कुनाची?"

मी सांगितलं. गाव सांगितलं, आम्ही बौद्ध झालोय तेही सांगितलं.  बाळाची आई खाटेवर पडली होती, तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, आता होणार तमाशा. पण म्हातारी म्हणाली, "आसू दे. आजून पोर न्हालं न्हाई. दाईचंच काम हाय हे."

मला हायसं वाटलं. किती हायसं वाटलं म्हणून सांगू. मला वाटलं, मोठ्या मनाची बाई आहे. मनातल्या मनात मी तिचे आभारसुद्धा मानले. तिनं मला आमच्या गावातल्या त्याच कायद्यात बसवलं होतं, हे मला तेव्हा दिसलं नाही.

त्या बाळाला नाव नव्हतं. मी त्याला राजा म्हणायचे, कुणी ऐकत नाही बघून. कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा दिसायच्या. कानाची पाळी मऊ, दुमडली तर दुमडलेलीच राहायची. त्याची एक खोड होती. दूध देताना चार-सहा थेंब गेले की ते श्वास घ्यायचंच विसरायचं. ओठ निळे पडायचे. रडणं नाही, धडपड नाही, नुसतं शांत व्हायचं. तळव्याला टिचकी मारली की दचकायचं आणि पुन्हा सुरू. म्हणून मी थेंबामागून थेंब देताना त्याच्या छातीवरची नजर काढायची नाही. थोडं द्यायचं, थांबायचं, श्वास बघायचा, पुन्हा थोडं. दुसऱ्या मुलीपेक्षा मला दुप्पट वेळ लागायचा. बाई म्हणायच्या, "लागू दे."

त्याची आई वाटीत दूध काढून स्वतः घेऊन यायची. माझ्याच वयाची असेल. दारात उभी राहून वाटी माझ्या हातात द्यायची. सासूनं सांगितलं होतं, वाटी खाली ठेवत जा. सासू बघत असली की ती खाली ठेवायची, नसली की हातात द्यायची. एकदा हळूच म्हणाली, "ताई, जगंल न्हवं?"

"पोट गरम आहे," मी म्हटलं. "दूध ठरतंय."

ती हसली. तिचं ते हसणं मी अजून विसरलेले नाही. हळूहळू राजाचं अंग भरायला लागलं. चिकटा ओढायला नळी घातली तर तोंड वाकडं करून रागवायचा. माझं बोट धरायचा. ट्यूटरबाईंनी एकदा पेटीत वाकून बघितलं आणि मला म्हणाल्या, "हे तुझं बाळ जाईल घरी." माझ्या आयुष्यात कुणी मला इतकं चांगलं काही म्हटलं नव्हतं.

बारावा दिवस जवळ आला तशी म्हातारी अस्वस्थ झाली. पाचवी न न्हालेल्या पोराची झाली म्हणून तिच्या मनाला आधीच लागलं होतं. रोज विचारायची, "न्हाऊ कवा घालनार?" मी सांगायचे, अजून नाही आजी, गार पडेल. बाईंनीही सांगितलं. डॉक्टरांनीही सांगितलं. ती नुसतं ऐकून घ्यायची.

बाराव्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी नळ्या आणि वाट्या उकळायला मागच्या खोलीत गेले. ट्यूटरबाई डॉक्टरांबरोबर दुसऱ्या वॉर्डात होत्या. मी परत आले तर पेटी उघडी. दिवे चालू, आत बाळ नाही.

बाजूच्या खोलीत म्हातारी मांडी घालून बसली होती. पुढं पितळी घंगाळ, पाणी सांडलेलं, गोमूत्राचा वास. बाळ तिच्या मांडीवर, नवं झबलं, टोपडं, गालावर काजळाची तीट. मेट्रनबाई तिथंच उभ्या होत्या. म्हातारीनं त्यांना विचारूनच सगळं केलं होतं, हे मला मागाहून कळलं. पाणी कोमट आहे ना, लवकर उरका, एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

म्हातारीचा चेहरा फुलला होता. "बग, कसं गुलाबी झालंय," ती म्हणाली. "जीव आलाय पोरात. उद्या सोयर फिटतंय. आता ते आमचं झालं. तू हात लावायचा न्हाई."

राजाचे गाल खरंच गुलाबी होते. टोपड्यात इतका देखणा दिसत होता. 

"आजी, ते गार पडलंय," मी म्हटलं. "तो रंग गारठ्याचा आहे. मला द्या. पोटावर हात ठेवून बघा तुम्ही."

"लांब ऱ्हा, म्हनलं न्हवं!"

मी मेट्रनबाईंकडं बघितलं. त्यांनाही माहीत होतं. शिकलेल्या होत्या, माझ्याहून जास्त माहीत होतं. त्यांनी माझी नजर चुकवली. म्हणाल्या, "तू बाहेर जा. मी दुसरी मुलगी पाठवते."

"बाई, त्याची खोड दुसरीला माहीत नाही."

"बाहेर जा म्हणाले ना मी?"

मी बाहेर गेले. पाय निघत नव्हते, पण गेले. पेट्यांच्या खोलीच्या दाराला जाळी होती. दाराबाहेरच्या फरशीवर मी बसले. दुसरी मुलगी आली, तीच दोन वेण्यांची. ती वाईट मुलगी नव्हती. घाबरलेली होती. तिनं बाळाला आणून पेटीत ठेवलं, पिशव्यांतलं पाणी बदललं. म्हातारी आणि मेट्रनबाई मागोमाग आल्या. तेवढ्यात म्हातारी म्हणाली, "भुकेलं आसंल, दूद पाज." तिनं ड्रॉपर भरला.

जाळीतून मी ओरडले, "आत्ता नको देऊस! आधी ऊब येऊ दे!" तिनं मेट्रनबाईंकडं बघितलं. त्या गप्प. तिनं थेंब सोडले. एकामागून एक, न थांबता, घाईत जरा जास्तच. मी छाती बघत होते. छाती हलली. हलली. थांबली.

"टिचकी मार!" मी ओरडले. "तळव्याला!"

ती नुसती उभी राहिली. ड्रॉपर हातात, डोळे फाटलेले.

मग मी आत गेले. मधे म्हातारी आली, तिला खांद्यानं बाजूला सारलं. बाळ उचललं. अंग दगडासारखं गार, मांड्या कडक लागत होत्या. उलटं केलं, नळी लावून घशातलं दूध ओढलं, टिचकी मारली, पाठ चोळली. पुन्हा मारली. राजा दचकला. एक बारीक कण्हणं आलं. मी ते नवं झबलं काढून टाकलं, चोळीची बटणं सोडली, त्याला उघडंच छातीशी घेतलं आणि वरून पदर गुंडाळला. माझ्या अंगाला त्याचा गारवा झोंबला. मी भिंतीला टेकून खाली बसले आणि त्याला म्हणत राहिले, घे रे राजा, घे श्वास.

म्हातारी किंचाळत होती. "बाटवलं! न्हालेलं पोर बाटवलं हिनं!"

त्याची आई दारात आली होती. दोन्ही हात तोंडावर. सासूला म्हणाली, "आत्याबाई, ऱ्हाऊ द्या तिच्यापाशी." सासूनं तिच्याकडं बघितलं. ती मागं सरली.

ट्यूटरबाई आणि डॉक्टर धावत आले. त्यांनी जे होतं ते सगळं केलं. ऑक्सिजन लावला. पेटी तापवली. मला उठवलं नाही कुणी, बाळ माझ्यापाशीच ठेवलं बराच वेळ. दिवस गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी राजा गेला. कुणाला त्रास न देता, दूध पिताना जसा शांत व्हायचा तसाच. मी टिचकी मारत होते. बाईंनी माझा हात धरला आणि बाजूला केला.

त्या दिवशी घरातलं सोयर फिटायचं होतं. सुतक लागलं.

दोन दिवसांनी मला मेट्रनबाईंच्या खोलीत बोलावलं. म्हातारी खुर्चीवर बसली होती. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. खोटं कशाला बोलू, मला तिची दया आली. नातवावर जीव होता तिचा. त्या जिवापायीच तिनं त्याला न्हाऊ घातलं. पण तिचं रडणं थांबलं आणि तिनं माझ्याकडं बोट केलं. "हिच्यापायी गेलं. न्हालेलं पोर हिनं उघड्या अंगाला लावलं. देवाला कसं चालंल?"

मेट्रनबाई म्हणाल्या, "यांच्या पाया पड. चुकले म्हण. विषय संपव."

ट्यूटरबाई खिडकीशी उभ्या होत्या. बाहुलीच्या दिवशी होत्या तशाच, नुसत्या बघत. माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "माझ्या आजोबांनी धर्म बदलला तेव्हा त्यांनाही वाटलं होतं, संपलं. संपत नसतं, पोरी. मान खाली घाल आणि शिकून घे. मीही तसंच शिकले."

मला बाईंचा राग आला नाही. वाईट वाटलं. एवढी हुशार बाई, एवढ्या जिवांना वाचवणारी, आणि मला वाकायला शिकवत होती. माझ्या छातीवर अजून तो गारवा होता. मी वाकले असते तर राजा माझ्यामुळं गेला हे मीच कबूल केलं असतं. त्याच्या आईनंही तेच धरलं असतं आयुष्यभर.

मी म्हणाले, "मी चुकले नाही. बाळाला आंघोळ घातली ते चुकलं. मला बाहेर बसवलं ते चुकलं. मी पाया पडणार नाही."

मेट्रनबाई खुर्चीवरून उठल्या. आवाज चढला. पेट्यांच्या खोलीत मी पुन्हा पाय ठेवायचा नाही, असं ठरलं. मी धुणं, बेडपॅन आणि झाडणं बघायचं. शिकायला आलेली मुलगी मी. पण शिकण्यातलं काही माझ्याकडं ठेवलं नाही. मी धुणं तिथंच टाकलं आणि कऱ्हाडवरून एस.टी.नं घरी गेले.

आई चुलीपुढं होती. मी सगळं सांगितलं. ती जाळ सारत राहिली. मग म्हणाली, "पडायचं हुतंस की पाया. म्या न्हाई का पडत? काय झिजलं का माजं?"

मी म्हटलं, "आई, पोर माझ्यामुळं नाही गेलं."

"म्या कुटं म्हंते तुज्यामुळं?" ती एकदम चिडली.   मग तिनं जे सांगितलं ते तिनं बापालाही कधी सांगितलं नव्हतं.

"मोठ्या घरची सून आडली हुती. दिस भरलं न्हवतं. पोरगी झाली. ह्या वंजळीत मावली आसती. म्या म्हनलं, न्हाऊ घालू नगा, नुसती पुसा, पोटाशी धरा. त्यांनी घातलंच न्हाऊ. मग मला म्हनली, आता भाईर. म्या भाईर वट्याखाली बसले. पदरात भाकरी दिली हुती. आतनं रडनं यायचं. मग बारीक झालं. मग बंद झालं. मला कळलं, गार पडलं. म्या हाक मारली, आवं, पोर शेका. कुनी आयकलं न्हाई. मदी उंबरा हुता. म्या उटलेच न्हाई. भाकरी पदरात धरून बसले."

आईला मी रडताना कधी बघितलं नव्हतं. तेव्हाही ती रडली नाही. नुसतं चुलीकडं बघत होती. मला तिच्यापाशी जाववेना. किती घरं, किती उंबरे, किती पोरं, आणि हे एक ती पोटात घेऊन जगत आली होती. गावानं तिचा हात वापरला आणि तिचं बोलणं उंबऱ्याबाहेर ठेवलं, ते तिनं मुकाट्यानं सोसलं. लोक तिला हातगुणाची म्हणायचे. त्याच हातानं ती त्या दिवशी भाकरी धरून बसली होती, आणि तिला उठू न देणारे आत बसले होते.

मग ती माझ्याकडं वळली. "तू वलांडलास न्हवं उंबरा?"

"हो."

"मग हितं का आलीस? जा की परत."

मी दुसऱ्या दिवशी परत गेले. मेट्रनबाईंनी विचारलं, "पाया पडणार का?" मी म्हटलं, "नाही." त्या म्हणाल्या, "मग तुझं हे वर्ष धरलं जाणार नाही. आणि ती खोली विसर." मी म्हटलं, "वर्ष गेलं तर गेलं. खोली सोडणार नाही." त्या दिवसापासून रोज सकाळी मी पेट्यांच्या खोलीत जाऊन उभी राहायचे. बाहेर काढलं की निघायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी. मुली बघायच्या. दोन वेण्यांची ती एकदा माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "माझ्या हातून झालं ते." मी म्हटलं, "तुझ्या हातून झालं. पण तुला तिथं कुणी उभं केलं ते बघ."  तिला माफ करणं माझ्याच्यानं झालं नाही. आजही झालेलं नाही.

मग एकदा पलूसकडून बैलगाडीतून एक बाळ आणलं. उबेला ताजं शेण लावलेल्या फडक्यात गुंडाळलेलं, निळं पडलेलं. खोलीत दुसरी मोकळी मुलगी नव्हती. ट्यूटरबाईंनी माझ्याकडं बघितलं, मेट्रनबाईंच्या खोलीच्या बंद दाराकडं बघितलं, आणि खुंटीवरचा गाऊन काढून माझ्या हातात दिला.  नंतर काही झालं तर त्या माझ्या बाजूनं बोलतील, असं मी धरलं नाही.

मी बाळ घेऊन आत निघाले तर बाळाची आत्या दारात आडवी आली. चांगल्या घरची दिसत होती, गळ्यात बोरमाळ. माझ्या तोंडाकडं निरखून बघून म्हणाली, "बाई, तुमी कुनाच्या म्हनायच्या?"

मी तिला गाव सांगितलं. आई दाई आहे हे सांगितलं. आम्ही बौद्ध आहोत हे सांगितलं. आवाज बारीक केला नाही, मान खाली घातली नाही.

मग म्हणाले, "ह्याला आंघोळ घालायची नाही. ह्याला मीच घेणार. सोयर असताना घेणार आणि सोयर फिटल्यावरही घेणार. कुणाला चालत नसेल तर त्यानं दाराबाहेर बसावं. मी बसणार नाही."

ती बाजूला झाली नाही. मी तिच्या बाजूनं उंबरा ओलांडून आत गेले आणि आतून कडी घातली.